दोन हजार फोटो आणि एक तिकीट

तुमच्या फोनच्या गॅलरीत आत्ता किती फोटो आहेत? खरंच बघा. बघितलात? आता दुसरा प्रश्न. मागच्या वर्षीच्या ट्रिपमधला एखादा फोटो घरातल्या कुणी मागितला, तर तो किती वेळात काढून द्याल?

माझा स्कोअर आधी सांगते. गेल्या वर्षी कॉलेजच्या एक्स्चेंज प्रोग्राममधून मी जपानमधल्या ओकायामाला दहा दिवस जाऊन आले. फोटो काढले २,३४६. परत आल्यावर तीन महिन्यांनी आईनं सहज विचारलं, "अगं, तू तिथं जेवत काय होतीस?" मी फोन काढला आणि स्क्रोल करायला लागले. सेल्फी, एकाच देवळाचे एकोणीस फोटो, मध्येच नोट्सचे स्क्रीनशॉट, परत सेल्फी. पंधरा मिनिटं झाली. आई ओले हात पदराला पुसत उभी होती. मग म्हणाली, "असू दे, नंतर दाखव," आणि कुकर बंद करायला आत गेली.

ते "असू दे" मला लागलं. कारण माझ्या विमानाच्या तिकिटासाठी आईनं भिशीतला आपला नंबर आधी मागून घेतला होता. आणि ती स्वतः अजून एकदाही विमानात बसलेली नाही.

म्हणून आज या पानावरून तुम्हाला एकच आग्रह करायचाय. परदेशी जाऊन आलात, किंवा पुढच्या वर्षी जाणार असाल, तर त्या प्रवासाचा एक अल्बम हातानं करा. कागदाचा. डिंक लागून बोटं चिकट होतील असा. हा छंद-बिंद म्हणून सांगत नाहीये. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातून परदेशी एकच माणूस जातो, पण तो प्रवास सगळ्या घरानं केलेला असतो. कुणी पैसे जमवलेले असतात, कुणी बॅग भरून दिलेली असते, कुणी दहा रात्री नीट झोपलेलं नसतं. त्यांना त्यातलं काय मिळतं? एअरपोर्टवरचं चॉकलेट आणि चोवीस तासांत गायब होणारी स्टोरी. हा हिशेब बरोबर नाही.

"पण फोटो फोनमध्ये सेफ आहेत ना!" हे मीही म्हणायचे. सेफ आहेत, पण कुणासाठी? ते माझ्या पॅटर्न लॉकच्या मागे आहेत. आजोबांच्या हातात फोन दिला की त्यांचं बोट जरा जोरात लागतं आणि ओसाकाचा एअरपोर्ट सरकून थेट माझ्या मैत्रिणीचा बर्थडे येतो. मग ते फोन परत देतात. कागदाचं पान असं पळून जात नाही. ते मांडीवर राहतं, दोघं-तिघं एकाच वेळी बघू शकतात, चष्मा शोधायला उठलं तरी ते तिथंच असतं. फोनवरचे फोटो मी 'दाखवते'. अल्बम मात्र घरातली माणसं स्वतः 'बघतात', त्यांना हव्या त्या वेळी आणि मी घरी नसतानाही.

दुसरा आक्षेप मित्रांचा. "स्क्रॅपबुक? ते मुलींचं काम, यार." तर ऐका. माझ्या अल्बमची खरी सुरुवात आजोबांनी केली. ते एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, कराड डेपोत. मी निघाले तेव्हा सगळे "जपून जा, पोचलीस की फोन कर" म्हणत होते. आजोबा तेवढं एकच म्हणाले, "तिकिटं टाकून देऊ नकोस गं. मला बघायचीत."

मला वाटलं, सोपं आहे. पण जपानमध्ये बुलेट ट्रेनमधून, म्हणजे शिनकानसेनमधून उतरलं की बाहेर पडताना तिकीट गेटच्या मशीनमध्ये घालावं लागतं आणि मशीन ते गिळून टाकतं. परत देत नाही. ओकायामाहून हिरोशिमाला गेले तेव्हा जातानाचं तिकीट असंच गेलं. मी गेटच्या पलीकडे उभी, आणि आजोबांचं तिकीट मशीनच्या पोटात! आमच्याबरोबरच्या तिथल्या विद्यार्थिनीनं मग सांगितलं, की मशीनमध्ये घालायचं नाही, शेजारच्या खिडकीतल्या कर्मचाऱ्याकडे द्यायचं आणि विचारायचं, "किनेन नी मोराएमास का?" आठवण म्हणून मिळेल का? येताना मी हे वाक्य पाठ करत आले. खिडकीतल्या माणसानं तिकिटावर शिक्का मारला, जेणेकरून ते परत वापरता येऊ नये, आणि दोन्ही हातांनी मला परत दिलं. दहा दिवसांत मी बोललेलं ते सगळ्यात उपयोगी जपानी वाक्य.

ते तिकीट, पावत्या, नकाशे, रॅपर असं सगळं मी एका झिप पाऊचमध्ये भरून आणलं. आणि मग? पाऊच कपाटात. तीन महिने. आईच्या "असू दे"नंतर तो बाहेर निघाला.

आता कसं करायचं ते सांगते, कारण मी बऱ्याच चुका केल्यात. त्या तुम्ही परत करू नका.

पहिली पायरी म्हणजे निवड, आणि सगळ्यात अवघडही तीच. मी वीस जाड पानांची, म्हणजे मोजून चाळीस बाजू असलेली वही घेतली आणि ठरवलं, चाळीसच फोटो. २,३४६ मधून ४०. पहिल्या दिवशी मी तीनशेवर अडकले. मग तीन प्रश्न ठरवले. हा फोटो नेटवर कुणीही काढलेला मिळेल का? मिळत असेल तर बाद. या फोटोवर घरातलं कोण थांबेल? कुणीच नाही? बाद. याच्याखाली लिहायला माझ्याकडे एक तरी खरं वाक्य आहे का? नाही? बाद. त्या एकोणीस देवळांपैकी शेवटी एकही उरलं नाही. उरला तो देवळाबाहेर छत्र्या ठेवायच्या स्टँडचा फोटो. आमच्या घरात पावसाळ्यात छत्री कुठं ठेवायची यावरून रोज भांडण होतं, म्हणून.

दुसरी पायरी म्हणजे छपाई. चार बाय सहा इंच साइज पुरते. फोटो स्टुडिओत फोटो पेपरवर काढून घ्या, साध्या कागदावरच्या कलर झेरॉक्सवर भागवू नका. चाळीस फोटोंचा खर्च मित्रांबरोबरच्या एका पिझ्झा पार्टीपेक्षा जास्त येत नाही.

तिसरी पायरी चिकटवण्याची. इथं माझी सगळ्यात मोठी माती झाली. दुकानातल्या छापील पावत्या बहुतेक वेळा थर्मल कागदावर असतात. त्यात शाई नसतेच. कागदावर एक रसायनाचा थर असतो, तो गरम झाला की काळा पडतो आणि अक्षरं उमटतात. मी पहिल्या दिवशीच्या जेवणाची पावती जपून ठेवायची म्हणून लॅमिनेट करायला नेली. झेरॉक्सवाले काका म्हणालेसुद्धा, "बघ हं." मी म्हटलं, करा. लॅमिनेशन म्हणजे गरम रोलर. पावती एका टोकानं आत गेली आणि दुसऱ्या टोकानं कोळशासारखी काळी होऊन बाहेर आली. प्लॅस्टिकमध्ये अगदी नीट जपलेला काळा कागद! मी तोही अल्बममध्ये लावलाय. शेजारी लिहिलंय, 'इथं माझं पहिलं जेवण होतं.'

तर लक्षात ठेवा: थर्मल पावती गरम करायची नाही, उन्हात ठेवायची नाही, तिच्यावर डिंक किंवा चिकटपट्टी लावायची नाही आणि मऊ प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये वर्षानुवर्षं ठेवायची नाही. या सगळ्यांनी ती उडते किंवा काळी पडते. आणल्या आणल्या तिची झेरॉक्स काढा आणि झेरॉक्स चिकटवा. सिनेमाची, बसची, टोलची पावती, सगळ्यांना हाच नियम.

डिंकाचंही तसंच. पातळ डिंक किंवा भरपूर फेव्हिकॉल लावला की कागद पाणी पितो आणि पान पापडासारखं फुगतं. ग्लू स्टिक किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप बरी. साधी सेलोटेप तर नकोच. ती काही वर्षांत पिवळी पडते, सुटते आणि डाग मात्र मागे ठेवते. आणि वर्तमानपत्राच्या कात्रणांचा कागद लवकर पिवळा पडतो, त्यामुळे त्याचीही झेरॉक्स लावलेली बरी. (आमच्या पेपरचं कात्रण असेल तर दोन काढा!)

याचा पुरावा घरातच मिळाला. आजी-आजोबांचा अल्बम काळ्या जाड पानांचा आहे, मध्ये बटर पेपर, फोटो चार कोपऱ्यांत नुसते अडकवलेले. तो आजही ठणठणीत आहे. आई-बाबांच्या लग्नाचा अल्बम त्यानंतरचा, चिकट पानांवर फोटो आणि वरून प्लॅस्टिक. तो पिवळा पडलाय आणि फोटो काढायला गेलं तर फाटतायत. नवी पद्धत जुनीपेक्षा टिकाऊ असतेच असं नाही. म्हणून महत्त्वाच्या गोष्टी मी कागदी कोपऱ्यांत अडकवल्या. ते विकत मिळतात, पाकिटाचा कोपरा कापूनही होतात. आजोबांच्या तिकिटाला डिंकाचा थेंबही लागलेला नाही.

स्क्रॅपबुक म्हटलं की वाशी टेप आलीच. रंगीत, नक्षीची, अलगद निघणारी ती कागदी टेप. तिची एक भारी गोष्ट आहे. ओकायामाच्या शेजारीच कुराशिकी नावाचं गाव आहे. तिथली कामोई काकोशी ही कंपनी १९२३ मध्ये सुरू झाली ती माश्या पकडायचा चिकट कागद बनवायला. पुढे त्याच चिकटपणाच्या जोरावर त्यांनी रंगकामाला लागणारी मास्किंग टेप केली. २००६ मध्ये तोक्योच्या तीन महिलांनी, ज्या याच टेपनं कागदी कलाकुसर करायच्या, कंपनीला लिहून कारखाना बघायला मागितला. त्यातून २००८ मध्ये सजावटीची रंगीत टेप बाजारात आली. म्हणजे आज आपण मोठ्या हौसेनं ऑर्डर करतो ती टेप, मूळची माश्यांच्या कागदाची नात!

आणि पुणेकरांनो, ओकायामा तुम्हाला लांबचं नाही. सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान, जिथं तुम्ही लेक्चर बुडवून बसता, त्याचंच दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. ते ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं आहे. माझ्या अल्बमच्या एका पानावर दोन्ही बागांचे फोटो शेजारी शेजारी आहेत. कुठला कुठला ते आई अजून चुकते.

जपानला जाणाऱ्यांना एक खास टीप. तिथल्या खूप रेल्वे स्टेशनांवर त्या त्या गावाच्या चित्राचा रबरी शिक्का आणि शाईचं पॅड ठेवलेलं असतं. फुकट. ही पद्धत १९३१ मध्ये फुकुई स्टेशनवर सुरू झाली. आपली वही काढायची आणि शिक्का मारायचा. पण पासपोर्टवर असले हौशी शिक्के चुकूनही मारू नका. पासपोर्ट सरकारी कागद आहे, पुढच्या इमिग्रेशनला अडकाल. देवळांमध्येही शिक्का आणि त्यावर ब्रशनं लिहिलेली अक्षरं मिळतात, त्याला गोशुइन म्हणतात. त्याचे साधारण ३०० ते ५०० येन द्यावे लागतात आणि त्यासाठी वेगळी वही असते. तो दर्शनाचा भाग आहे, त्यामुळे स्टेशनच्या शिक्क्यांच्या वहीत तो मागू नका.

आणि ५ येनचं नाणं! त्याला मधोमध भोक असतं. जपानीत त्याचा उच्चार 'गो-एन', आणि 'गोएन'चा दुसरा अर्थ ऋणानुबंध. मी ते डिंकानं चिकटवलं नाही. आईच्या सुईदोऱ्यानं पानावर शर्टाच्या बटणासारखं शिवलं. टाका आईनंच घातला. अल्बममध्ये तिच्या हातचं काहीतरी आलं.

आता एक पान असंही, ज्यानं मला सगळ्यात जास्त थांबवलं. हिरोशिमाचं. तिथल्या म्युझियममध्ये ८ वाजून १५ मिनिटांनी थांबलेलं घड्याळ आहे. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी बॉम्ब पडला ती वेळ. बाहेर नदीकाठी पडक्या घुमटाची ती इमारत तशीच ठेवलीय. माझ्याकडे तिचे बासष्ट फोटो होते, आणि खरं सांगते, त्यातल्या पाचात मी हसत होते. फोनमध्ये ते मला कधी खटकलं नव्हतं. कागदावर लावायला घेतले तेव्हा खटकलं. तिथं फुलांची टेप लावायची? स्टिकर? शेवटी मी त्या पानावर फोटोच लावला नाही. तारीख, वेळ आणि खाली एक ओळ: 'इथं मी सेल्फी काढला, आणि मला त्याची लाज वाटते.' फोनची गॅलरी मला हे विचारणार नव्हती. हातानं करायचं ते यासाठीही. हात थांबतो, मग डोकं चालतं.

लिहायचं काय? फोटोखाली नुसतं 'हिरोशिमा डायरीज' आणि तीन हार्ट नकोत. किती पैसे लागले, कशाचा वास येत होता, कोण काय म्हणालं, कुठं रस्ता चुकलो, हे लिहा. आणि मराठीत लिहा, म्हणजे घरात ज्यांच्यासाठी करताय त्यांना वाचता येईल. परत आल्यावर पहिल्या आठवड्यातच लिहून काढा. मी तीन महिने थांबले आणि ज्या बाईंनी मला भर पावसात स्टेशनपर्यंत सोडलं, त्यांचं नाव विसरले. आता ते कुठंच मिळणार नाही.

आणि सुंदर करायच्या नादी लागू नका. नेटवरचे स्क्रॅपबुकचे व्हिडिओ बघितले की वाटतं, आधी कटर, पंच, मेटॅलिक पेन असं दोन हजारांचं किट हवं. काही नको. एक जाड वही, ग्लू स्टिक, कात्री, एक काळं पेन. माझ्या अल्बममध्ये तीन पानं वाकडी आहेत आणि एका ठिकाणी 'ओकायमा' लिहिलंय. तसंच ठेवलं.

जे यंदा शिकायला किंवा फिरायला बाहेर जाणार आहेत, त्यांनी बॅग भरतानाच एक कडक फोल्डर टाका. कात्री केबिन बॅगेत ठेवू नका, सिक्युरिटीला काढून घेतील. परदेशातली पानं, फुलं, बिया वहीत दाबून आणायच्या भानगडीत पडू नका, त्यांना कस्टम आणि क्वारंटाइनचे नियम असतात. त्याऐवजी पानाची पेन्सिलनं छाप काढा. बोर्डिंग पास अल्बममध्ये खुशाल लावा, पण त्या पानाचा फोटो पोस्ट करताना बारकोड झाका, त्यात तुमची माहिती असते.

आणि जे कुठंच जाणार नाहीयेत? तुमच्या घरातली ताई, मामा, शेजारचा दादा गेला असेल. त्याच्याकडून फोटो मागून घ्या आणि त्याच्या आईसाठी तुम्ही करा. तो तिकडून येईपर्यंत त्या माउलीला उलटायला काहीतरी असेल.

माझा अल्बम सहा रविवारांत झाला. पूर्ण झाला त्या दिवशी आई आधी जेवणाच्या पानावर गेली. तिथं ओनिगिरीचं रॅपर आहे, धुऊन, वाळवून लावलेलं. त्यावर १, २, ३ असे आकडे छापलेत, त्या क्रमानं सोलायचं. आई म्हणाली, "म्हणजे ही भाताची त्रिकोणी मूदच की!" आत काय होतं, तर खारवलेलं आंबट फळ. "मग लोणचं-भात खाऊन राहिलीस म्हण." तीन महिन्यांपूर्वीच्या तिच्या प्रश्नाचं उत्तर तिला मिळालं.

आजोबांनी भिंग मागितलं. तिकीट उलटसुलट बघितलं. "भाडं किती?" मी खाली लिहिलं होतं: सहा हजार येनच्या आसपास, साधारण साडेतीन हजार रुपये. "किती किलोमीटर?" तेही लिहिलं होतं: १६१. "वेळ?" साधारण चाळीस मिनिटं. ते गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे कराड ते पुणे, चाळीस मिनिटांत." ज्या रस्त्यावर त्यांची नोकरी गेली, त्याच्यावर त्यांनी मनातल्या मनात ती गाडी चालवून बघितली असणार. मग भिंग तिकिटाच्या एका बारीक भोकावर थांबलं. आत जाताना गेटचं मशीन ते पाडतं. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"हे बघ," आजोबा म्हणाले, "त्यांनी पण पंच मारलाय."

या रविवारी तो पाऊच कपाटातून बाहेर काढा.